चंद्रकोरीचे दोन साक्षीदार

गुरुवार, ४ सप्टेंबर

मी पडदे शिवते त्या दुकानातून आणलेलं अस्तराचं कापड आज अखेर भिंतीवर चढलं. खिडकीला लावायचं ते भिंतीला लावलेलं बघून वन्सं म्हणाल्या, "आता भिंतीतून काय दिसणार म्हणे?"

"पुढचं दिसणार, ताई," हे म्हणाले.

"आधी पायाखालचं बघ. सकाळी माझी कुंडी लवंडून गेलास."

वन्सं खालच्या मजल्यावर राहतात. गुरुवारी आमच्याकडे बायबलची बैठक असते, तिला खुर्च्या देतात, स्वतः मात्र कधी बसत नाहीत. दारात उभ्या राहून ऐकतात आणि मधेच निघून जातात.

कापडावर ह्यांनी सात चौकटी रंगवल्या आहेत. जुन्या करारातले यहुदी लोकांचे सात सण. वसंतातले चार पुरे झाले, असं हे शिकवतात. वल्हांडणाला प्रभूचं मरण, बेखमीर भाकरीच्या सणात कबर, प्रथमफळांच्या दिवशी उठणं, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा. जिथल्या तिथे, ज्या त्या दिवशी. उरले शरदातले तीन. कर्णे वाजवण्याच्या सणाला प्रभू परत येणार, प्रायश्चित्ताच्या दिवशी न्याय होणार आणि मांडवांच्या सणात देव माणसांमध्ये येऊन राहणार. "चार गाड्या वेळेवर आल्या, तर उरलेल्या तीन का येणार नाहीत?" असं हे विचारतात तेव्हा सगळे माना डोलावतात. मीही डोलावते. शिवणयंत्रावर पाय चालवताना ह्या सात चौकटी मला पाठ झाल्या आहेत.

चित्र सुंदर झालंय. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याची उमर गेली त्याचा हात आहे तो. फक्त डाव्या कडेला वीतभर कापड तसंच कोरं राहिलंय आणि पहिली चौकट त्या मानाने अंगावर आल्यासारखी वाटते. मी विचारलं, "इथलं राहिलं का?" हे कापडाजवळ गेले, हात फिरवून बघितला. मग म्हणाले, "ते अजून प्रगट व्हायचंय."

मास्तरांना ते फार आवडलं. मास्तर गणिताचे निवृत्त शिक्षक, ह्यांचे जुने मित्र आणि आमच्या बैठकीतले वडीलधारे. म्हणाले, "वा, पेंटर. कोरी जागा सोडायलाही धाडस लागतं."

शनिवार, ६ सप्टेंबर

इस्पितळातून फोन आला. ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चोवीस तारखेला, बुधवारी खाट मिळाली आहे. ती चुकली तर पुढची दीड महिन्याने.

काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडून जाते, गेलेली परत येत नाही, असं तिथल्या भिंतीवरच्या फलकावर वाचलं होतं. जुलैमध्ये तपासायला नेलं तेव्हा हे एकटेच आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "डावा थोडा अधू झालाय म्हणे. बघू." तेव्हापासून बघूच चाललंय.

आज जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "सण पार पडू दे."

"आणि प्रभू आलाच नाही तर?" मी कधी असं विचारत नाही. आज विचारलं.

रागावले नाहीत. पाण्याचा पेला चाचपून उचलला. "मंगळवारी सण. त्या दिवशी मी इथेच राहिलो, तर बुधवारी तू म्हणशील तिथे येतो. पण सणाच्या आधी नाही आणि सणाच्या दिवशी तर नाहीच. मी तिथे खाटेवर पडलेला असणार आणि कर्णा वाजणार, हे मला चालायचं नाही."

शब्द दिलाय. ह्यांचा शब्द म्हणजे शब्द. सण धरायचा तो कोर दिसली की, म्हणजे आता चंद्रावर आलंय सगळं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मुलींच्या वसतिगृहाचे पडदे शिवायला आलेत. एकसारख्या खिडक्या आहेत असं ते म्हणाले होते. मी जाऊन मापं घेतली तर एकही खिडकी दुसरीसारखी नाही. मालकीणबाई म्हणतात, "सरसकट शिवून टाक, लोंबले तर लोंबले." मला ते जमत नाही. दिवसभर चुण्या घालून बोटांची पेरं बधिर झाली आहेत.

खरं लिहायचं तर आज यंत्रावर बसल्या बसल्या वाटलं, प्रभू यायचाच असेल तर ह्या पडद्यांना हुक लावायच्या आधी येऊ दे. मग स्वतःचीच लाज वाटली. लोक त्याची वाट बघतात ती आनंदाने. मी बघते ती सुट्टीसारखी.

घरी आले तर इस्त्रीचं टेबल आडवं पडलेलं आणि हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसून गुडघा चोळतायत. म्हणाले, "तू हे इथे कधी ठेवलंस?" ते टेबल तिथेच असतं, नेहमी. मी म्हटलं, "लक्ष सगळं वर असेल तर खाली आपटणारच." फार लागट बोलले. हे उलट बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज बैठकीत चंद्रावरच बोलणं झालं. बाकीचे सगळे सण महिन्याच्या मधे कधीतरी येतात. कर्ण्यांचा सण मात्र महिन्याच्या पहिल्याच दिवशी येतो, आणि महिना लागतो तो कोर दिसली की. छापील पंचांगात काहीही असो, पूर्वीचे लोक दोन साक्षीदारांनी कोर बघितल्याशिवाय सण धरत नसत. म्हणूनच तो दिवस कोणालाही आधी ठाऊक नसणार असं प्रभूने म्हटलं, तो हाच सण, असं ह्यांचं म्हणणं. ऐकताना अंगावर काटा येतो. घरी भांडी घासताना येत नाही.

मास्तरांनी त्यात गणिती काटेकोरपणा घातला. साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून उलटतपासणी घ्यायचे म्हणे. कोर कुठे होती, किती उंच, टोकं कुणीकडे. दोघांचं जुळलं तरच सण. "आपणही तसंच करू," मास्तर म्हणाले. "उगाच कोणी ढगाची कड बघून हालेलूया करायला नको."

सोमवारी सूर्य मावळताना आमच्या गच्चीवर जमायचं ठरलं. एक साक्षीदार हे. दुसरं कोण, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर हे म्हणाले, "ही."

मास्तर घुटमळले. "जुन्या काळी बायकांची साक्ष धरत नसत, पेंटर. शिवाय नात्यातली."

दारातून वन्सं म्हणाल्या, "म्हणूनच प्रभू दोन हजार वर्षं खोळंबलाय."

सगळे हसले, मास्तरसुद्धा. शेवटी मीच ठरले.

आज मास्तर उशिरा येऊन ह्यांच्या डाव्या हाताला बसले आणि "प्रभूची शांती असो" म्हणाले, तर ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. बँडवाला माझ्या कानात म्हणाला, "बघा, किती खोल गेलेत." हा बँडवाला लग्नांतून वाजवतो. सणाचा कर्णा म्हणून त्याचाच ट्रम्पेट घ्यायचाय.

बुधवार, १७ सप्टेंबर

लेकीचा फोन. ती दूर नोकरीला आहे, तिला ह्या सणांचं काही पटत नाही, पण बाबांशी वाद घालत नाही. सगळा वाद माझ्याशी.

"आई, तू त्यांना सरळ टॅक्सीत घाल आणि ने."

"तुझे बाबा काय पडद्यांचा गठ्ठा आहेत?"

"त्यांना भीती वाटत असेल गं."

"ह्यांना कसली भीती? ते प्रभूला भेटायला निघालेत. बॅग भरायचीच काय ती बाकी आहे."

मग म्हणाली, "तू नीट झोपतेस ना?" मी हो म्हटलं. ह्या महिन्यात मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणतेय.

सोमवार, २२ सप्टेंबर

हे सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

दुकानातून लवकर निघाले. मालकीणबाईंना "चंद्र बघायचाय" म्हणायची लाज वाटली, म्हणून "पाहुणे येणारेत" म्हटलं. पाहुणे होतेच.

गच्चीवर सगळे जमले होते. मास्तर दुर्बीण घेऊन आले होते, बँडवाला ट्रम्पेट. वन्सं म्हणाल्या, वाळलेले कपडे काढायला आलेय. दोरीवर एकच टॉवेल होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

पश्चिमेला धुरकट होतं. सूर्य मावळला तोसुद्धा नुसता लालसर डाग होऊन. हे कठड्याला धरून उभे होते आणि मान अगदी हळू फिरवत होते, अंधाऱ्या गोदामात माणूस बॅटरीने एकेक फळी तपासतो तशी. मी आभाळ बघत होते आणि मनात बुधवार होता. आज कोर दिसली तर उद्या सण आणि परवा इस्पितळ. नाही दिसली तर सणच बुधवारी, आणि खाट गेली.

"ती बघा," हे एकदम म्हणाले. हात पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे. आवाज लहान मुलाचा असावा तसा झाला होता. "दिसली ना गं तुला?"

टाकीवरचा दिवा नुकताच लागला होता. धुरकट हवेत त्याचा उजेड वाकडा फुटला होता. त्याशिवाय तिथे काही नव्हतं. मी सगळं आभाळ बघितलं, कुठेच काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "दिसली."

कोणीतरी हालेलूया म्हणालं. बँडवाल्याने ट्रम्पेट ओठांना लावला तसा मास्तरांनी हात वर केला. "आधी साक्ष."

ह्यांना झोपायच्या खोलीत बसवलं, मला स्वयंपाकघरात. मास्तर आधी ह्यांच्याकडे गेले. बराच वेळ लागला. मी सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं, त्यात चहा टाकायला विसरले आणि पाणी आटून गेलं.

मग मास्तर माझ्याकडे आले. ओट्याला टेकून उभे राहिले.

"कुठे दिसली, वहिनी?"

"टाकीच्या वर. हातभर."

"टोकं कुणीकडे होती?"

"वर. जरा डावीकडे कललेली."

"मग कुठे गेली?"

"धुरात गेली."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ह्या माणसाने जन्मभर कॉपी करणारी पोरं पकडली आहेत. "वहिनी, तिथे दिवा आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"बुधवारची खाट आहे, मास्तर."

गॅस चालूच होता, तो त्यांनी बंद केला. मग म्हणाले, "पेंटर नाही म्हणालेत. मला दिसली नाही म्हणाले."

"त्यांनीच तर दाखवली."

"हो."

"मग इतका वेळ आत काय चाललं होतं?"

"ते त्यांनी सांगायचं. मी नाही." दारापर्यंत गेले आणि वळले. "एवढं सांगतो. म्हणाले, माझं नाही धरू नका. तिला दिसली असेल तर ती असणारच. तिच्या डोळ्यांवर लावा सण."

बाहेर जाऊन मास्तरांनी सांगितलं की दोन साक्षी जुळत नाहीत, आज सण धरता येणार नाही, उद्या पुन्हा बघू. माझं नाव घेतलं नाही. बँडवाला म्हणाला, "उद्या माझं लग्न आहे हो. म्हणजे वाजवायचं. मला उशीर होईल." वन्सं म्हणाल्या, "प्रभूला उद्याची वेळ चालते का तेही विचारून घ्या." पण रोजच्यासारखं बोलल्या नाहीत. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी लहानपणी सगळ्यांत आधी पाठ केली होती, कारण ती छोटी आहे. आज ती मोडली, आणि मोडून उपयोगही झाला नाही. वाईट वाटायला हवं. वाटतंय ते फक्त दमल्यासारखं. प्रार्थनेला बसले तर शब्दच येईनात. मग एवढंच म्हटलं, तू बघतच होतास.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी मी चपला घालत होते तर हे म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

मला वाटलं दुकानात जायचं म्हणतायत. "कुठे?"

"इस्पितळात. कुठे काय?"

"आणि सण?"

"सण होईल. मास्तर आहेत की." मग जरा थांबून, "मास्तरांना एकदा सांगून झालं. आता काय राहिलं."

चंद्राचं म्हणत असतील. मी जास्त विचारलं नाही. दिलेला शब्द माणूस आपणहून मोडत असेल तर त्याला हटकू नये, नाहीतर तो पुन्हा जोडून घ्यायचा.

संध्याकाळी दुकानातून येताना कोर दिसली. औषधाच्या दुकानावर, स्वच्छ, कोणालाही दिसेल अशी. रस्त्यावरचं कोणी वर बघत नव्हतं. मीही थांबले नाही, ह्यांची बॅग भरायची होती. घरी आले तर गच्चीवरून ट्रम्पेटचा आवाज आला, लग्न लवकर आटपलं असावं. वाजवला मात्र लग्नासारखाच. हे खाटेवर बसून ऐकत होते. मी विचारलं, "वर जायचं?" मान हलवली. म्हणाले, "पायजमे दोन घाल."

बुधवार, २४ सप्टेंबर

वन्सं येतो म्हणाल्या आणि खरंच आल्या, चांगली साडी नेसून. ह्यांना म्हणाल्या, "लहानपणी तुझं शेंबडं नाक पुसलं, आता डोळे."

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, भराभर बोलतात. ह्यांच्या उजव्या डोळ्यावर शाईने खूण केलेली बघून मी म्हटलं, "चुकलं वाटतं. डावा ना?"

त्यांनी कागद बघितले, मग माझ्याकडे. "डाव्याचं आपण बोललोच होतो."

"कधी?"

"जुलैमध्ये. ह्यांना सांगितलं होतं मी. डावा गेलाय. उजव्यातही मधलंच थोडं उरलंय, ते राखायचं आहे. आणि ह्या ऑपरेशनमध्ये तेही जाण्याची थोडी भीती असते, तेव्हा घरच्यांना घेऊन या, बोलून ठरवू, असं म्हटलं होतं. हे म्हणाले, बायको कामात आहे."

त्या दिवशी मी दाराबाहेरच्याच बाकावर बसले होते. हातात पिशवी होती, तिच्यात दोन सफरचंदं.

हे खाटेवर आडवे होते, सगळं ऐकत होते. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडून आलं ते, "मी काही कामात नव्हते."

"माहीत आहे," हे म्हणाले.

आत न्यायला माणूस आला. त्याने खाटेची चाकं सोडवली तसा ह्यांनी हात पुढे केला, नुसताच हवेत. मी धरला. गार पडला होता.

"अगं, आजच आला तर?"

"कोण?"

"प्रभू. आणि मी तिथे, टेबलावर."

"तर डॉक्टरीणबाईंचं काम वाचेल."

हे हसले. खाट ढकलणाराही हसला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक. दरवाजा मिटला.

बाहेर बसून जुलैपासूनचं सगळं मागे नेऊन बघत होते. कुंडी, पेला, इस्त्रीचं टेबल, मी काय काय बोलले ते. सोमवारी मास्तरांच्या कानावर घातलं आणि माझ्या नाही, ह्याचा राग यायला हवा होता. थोडा आला, मग बसून बसून गेला. वन्सं शेजारी होत्या. म्हणाल्या, "लहानपणी अंधाराला भ्यायचा. आणि सांगायचा काय, की मी देवदूत बघायला जागा राहिलोय." मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि चहा कुठे मिळतो ते बघायला गेल्या.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आहे. उद्या काढतील तेव्हा कळेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी दिवा टाकून बराच वेळ बघितलं. दाब उतरलाय. आहे तेवढी नजर राहील असं वाटतंय, नवीन काही येणार नाही, औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत, दोन आठवड्यांनी दाखवायला या. एका दमात सांगून गेल्या.

मी खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. हे आढ्याकडे बघत होते, मग खिडकीकडे, मग दाराकडे. एकेक करून.

"तू आहेस ना इथे?"

"इथेच आहे की."

"आवाज येतोय." जरा वेळाने म्हणाले, "डावीकडे बसलीस की नुसता आवाज येतो. घरीही. जेवताना."

घरी जेवताना मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसते. लग्न झाल्यापासून.

"मग एकदा सांगायचंत."

"तुझी जागा आहे ती."

मी उठले. खुर्ची उचलून खाटेच्या पायाकडून पलीकडे नेली. ती लोखंडी, जड, मधेच फरशीवर घासली आणि शेजारचा पेशंट जागा होऊन बघायला लागला. त्याला सॉरी म्हटलं आणि बसले.

"आता?"

हे मान वळवून शोधत होते. माझ्या खांद्यावरून नजर पुढे गेली, परत आली.

"थोडी मागे हो. अजून थोडी. हां."

थांबले. बराच वेळ बघत राहिले. इतका वेळ माझ्याकडे कोणी कधी बघितलं होतं ते मला आठवत नाही. मी पदर सारखा केला.

"केस विंचरायचे राहिलेत तुझे," हे म्हणाले.

खरंच राहिले होते.